दमिश्कची दिवाळी

गोरक्षनं एकदा जरी घरी जायचं नाव काढलं असतं, तर मी त्याला बसऱ्याच्या धक्क्यावरून खांद्यावर बसवून आणलं असतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या मोहल्ल्यात लोक अजून म्हणतात की निजामनं मित्राला देशोदेशी फिरवलं आणि त्याचा संसार बुडवला. फिरवलं हे खरं आहे. बाकीचं ऐकून तुम्हीच ठरवा.

मी बॉयलर फिटर. इगतपुरीच्या रेल्वे शेडमध्ये काम शिकलो आणि एकोणीसशे चोवीस साली इराकात बसऱ्याच्या बंदरातल्या कारखान्यात लागलो. गोरक्ष तिथं माझ्याआधी तीन वर्षं होता, घण मारायला. पहिल्याच दिवशी माझ्या बोटावर पाना पडला आणि मी तोंड उघडलं. गोरक्ष घण खाली ठेवून म्हणाला, "नाशकाचे दिसता."

"कशावरून?"

"शिवी तिकडची हाय."

त्या दिवसापासून आठ वर्षं आम्ही एका खोलीत राहिलो. तो हिंदू कुणबी, मी मुसलमान, पण परमुलखात माणूस आधी आपल्या जिल्ह्याचा असतो. तो भाकरी थापायचा, मी कालवण करायचो. मटण शिजायचं त्या दिवशी तो कांदा-मिरचीवर जेवायचा आणि वर मला कांदा कसा चिरावा ते शिकवायचा.

त्याचं घर पिंपळगाव बसवंतजवळच्या एका मळ्यात. एकवीस सालच्या श्रावणात त्याच्या बापानं भर बाजारात त्याच्या थोबाडीत मारली. बैल दुसऱ्याच्या उभ्या पिकात शिरले होते एवढंच कारण. वय वीस, लग्नाला वर्ष झालेलं, बायको मैना पंधरा वर्षांची, नुकती नांदायला आलेली. दुसऱ्या दिवशी तो भाजीची गाडी घेऊन नाशिकला आला, गाडी घाटावर सोडली आणि मुंबईची आगगाडी पकडली. सिंहस्थ संपायला आला होता, तरी गर्दी होती. घरच्यांना वाटलं, पोरगं गंगेत बुडालं किंवा गोसाव्यांबरोबर गेलं.

राग महिनाभरात उतरला, पण पत्र गेलं नाही. रविवारी मी सगळ्या चाळीची पत्रं लिहायचो, मराठी चौथी शिकलेला मी एकटाच होतो. गोरक्ष शेजारी बसून दुसऱ्यांची पत्रं ऐकायचा. एकदा त्यानं अर्धं कार्ड सांगितलं, "मी खुशाल हाय" इथपर्यंत, आणि मग माझ्या हातून काढून घेऊन फाडलं. पहिल्या वर्षी न लिहिलेलं पत्र दुसऱ्या वर्षी अवघड होतं आणि पाचव्या वर्षी अशक्य होतं.

अठ्ठावीस साली मी दोन महिने रजेवर नाशिकला आलो. पिंपळगाव आमच्यापासून दहा कोस. जाऊन एवढंच सांगायचं होतं की तुमचा माणूस जिवंत आहे. पण निघताना गोरक्षनं माझा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवून घरी काही न सांगण्याची शपथ घातली होती. मी गेलो नाही. ही माझी पहिली चूक, आणि ती मी कुणावर ढकलत नाही.

गोरक्षला एकाच गोष्टीची भीती होती. त्यांच्यात बारा वर्षं माणसाचा पत्ता लागला नाही की तो मेला असं धरतात. पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला जाळतात, दिवस घालतात आणि बायकोचं कुंकू पुसतात. हे तो मला दरवर्षी श्रावणात सांगायचा आणि बोटांवर मोजायचा. तेहतीसच्या श्रावणापर्यंत मुदत होती. त्याच्या आत जायचंच, हे ठरलेलं होतं.

बत्तीस साली इराकात त्यांचं स्वतःचं राज्य आलं आणि कारखान्यातून हिंदी माणसं कमी करायला लागले. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आम्हा दोघांना मोकळं केलं. मुंबईची बोट दोन दिवसांनी सुटणार होती. ती धरली असती तर दिवाळीच्या आत घरी.

तेव्हा मी म्हणालो, "गोरक्ष, आठ वर्षं परदेशात काढली आणि पाहिलं काय, तर बॉयलरचं पोट. बगदाद बघू, दमिश्क बघू, बैतुल मुकद्दसची पाक मशीद बघू, मिसर बघू आणि तिथून बोटीनं जाऊ. हातात कला आहे, वाटेत काम करत जाऊ. तुझ्या बारा वर्षांना अजून दहा महिने आहेत."

तो इतक्या लवकर "चल" म्हणाला की मीच दचकलो. मी आपला वाद घालायची तयारी करून बसलो होतो.

बगदादला गौस पाकच्या दर्ग्यात मी आत गेलो, गोरक्ष बाहेर माझे बूट सांभाळत बसला. तासाभरानं आलो तर खजूरवाल्याशी त्याची दोस्ती झालेली, आणि खजूरवाल्याच्या मेहुण्याच्या हमामखान्यातला बॉयलर गळत होता. त्यात सोळा दिवस गेले. मग मोटारीनं वाळवंट ओलांडलं. त्या ड्रायव्हरचं एकदाही कुणाशी भांडण झालं नाही. भांडायला वाळवंटात दुसरी मोटारच नव्हती.

दमिश्कचा बाजार आख्खा छपराखाली. पाऊस आला तरी गिऱ्हाईक भिजत नाही, आणि बर्फीसारख्या साबणाच्या वड्यांची रास लावलेली. एका साबणवाल्याच्या कारखान्यात आम्ही काम धरलं. तिथंच दिवाळी आली. गोरक्षनं सार्डिन माशांचे रिकामे डबे गोळा केले, त्यांत ऑलिव्हचं तेल घातलं, माझ्या जुन्या सदऱ्याच्या वाती केल्या आणि संध्याकाळी गच्चीवर अकरा दिवे लावले. आजूबाजूच्या गच्च्यांवर बायकापोरं बघायला आली. एका म्हातारीनं ताटभर मिठाई पाठवली. गोरक्ष तेव्हा हसत होता, पण ताटाला त्यानं हात लावला नाही.

दिवाळी झाली आणि मला घराची ओढ लागली. माझी आई गुलजारबी थकली होती, बायको सलिमा दोन मुलांना घेऊन वाट बघत होती. मी म्हणालो, चल आता. गोरक्ष म्हणाला, साबणवाल्याचा दुसरा बॉयलर तेवढा बघू. त्यात महिना गेला. बैतुल मुकद्दसला थंडीनं दात वाजत होते. मी म्हणालो, चल. तो म्हणाला, इथला पंप बसवून देऊ, लोकं चांगली हायेत. मिसरमध्ये पिरॅमिड पाहून झाले तर म्हणाला, एकदा नीट बघू, घाईत दिसलं नाही. पोर्ट सैदला पहिली बोट सुटली तेव्हा हा हजामाकडे बसला होता. मी धक्क्यावर उभा राहून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

तो आल्यावर मी विचारलं, "तुला जायचंय का नाही?"

त्यानं समुद्राकडे तोंड केलं. मग म्हणाला, "जायचं हाय रे. पन ती म्होरं आली तर पह्यला शब्द काय बोलू, त्ये अजून सापडंना."

मला त्याची फार दया आली. मी शिव्या थांबवल्या आणि पुढच्या बोटीची तिकिटं काढली.

जानेवारीच्या शेवटी आम्ही नाशिकला पोचलो. संक्रांत होऊन बारा दिवस झाले होते. माझ्या घरी आईनं दोघांच्याही डोक्यावरून पाणी ओवाळून टाकलं. दुसऱ्या दिवशी गोरक्ष म्हणाला, समुद्र ओलांडून आलोय, गावात शिरण्याआधी रामकुंडावर अंघोळ करतो, आमच्या भटजीला विचारून काय करायचं ते करतो. मी बरोबर गेलो आणि पायऱ्यांवर थोडा लांब बसलो.

नाशिकच्या भटजींकडे गावागावांच्या वह्या असतात, हे सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही गावाचं आणि आजोबाचं नाव सांगा, ते तुमच्या पणजोबापर्यंत वाचून दाखवतात. गोरक्षच्या घराण्याचे भटजी म्हातारे होते. त्यांनी गाव विचारलं, वही काढली, बोट खाली आणत आणत थांबले.

"बळीरामाचा मुलगा तू? वाल्मीक?"

"वाल्मीक थोरला. म्या धाकला. गोरक्ष."

भटजींनी चष्मा वर केला. "गोरक्ष बळीराम तर वारला. गेल्या मार्गशीर्षात मीच इथं त्याचं सगळं केलं. तीनशे साठ पानांचा पुतळा केला होता. त्याच्या आईनं हात धरला आणि बायकोनं चुडा इथंच फोडला."

गोरक्ष पायरीवर बसला. म्हणाला, "आवं पन बारा वर्सं कुठं झाली? म्या एकवीसच्या श्रावनात गेलो. अजून सात म्हैने हायेत."

भटजी रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, "तुझ्या घरच्यांनी काय सांगितलं, तर सिंहस्थात गेला. आता दुसरा सिंहस्थ लागला. आपल्याकडे सिंहस्थ ते सिंहस्थ बारा वर्षं, हे पोरासोरांनाही ठाऊक आहे. तू पहिल्या सिंहस्थाच्या शेपटाला गेलास हे सांगायला तू इथं नव्हतास."

आम्ही दोघं इतकी वर्षं तारखा मोजत बसलो, पगाराच्या कार्डावर असतात तशा. नाशिकमध्ये जन्म काढून हे आमच्या डोक्यात आलं नाही. माझा जन्मही लोक सिंहस्थावरूनच सांगतात.

बाप चार वर्षांपूर्वीच गेला होता, तेही वहीतूनच कळलं. भटजींनी मग उपाय सांगितला. मेलेला माणूस परत आला तर त्याला नव्यानं जन्माला घालतात. तुपाची अंघोळ, बारसं, सगळं क्रमानं, आणि शेवटी त्याच बायकोशी पुन्हा लग्न. "अवघड काही नाही," ते म्हणाले. "फक्त बाई उभी राहिली पाहिजे. आता ती तुझी बायको नाही."

पिंपळगावच्या मोटारीत गोरक्षनं माझा दंड धरला. "निजाम, बोटीवर देवी आल्या, क्वारंटीनमध्ये अडकलो, असं सांग. तुझ्या तोंडून खरं वाटंल."

मी म्हणालो, सांगतो. दोस्तासाठी एवढं खोटं म्हणजे काहीच नाही.

मळ्यात पोचलो तेव्हा दुपार होती. त्याची आई बयाबाई ओट्यावर लसूण सोलत होती. तिनं त्याचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला आणि ती त्याच्या अंगावर कलंडली. वाल्मीक शेतातून धावत आला. शेजारचा बहिरू आला, मग आणखी पाचपंचवीस माणसं. मैना कांद्याच्या रोपांची पाटी घेऊन बांधावरून आली आणि दारापाशी थांबली. कपाळ मोकळं, हात मोकळे. सत्तावीस वर्षांची बाई. गोरक्षनं तिच्याकडे बघितलं आणि त्याचा तो पहिला शब्द काही आला नाही.

मीच बोललो. ऑक्टोबरात काम सुटलं, लगेच मुंबईची बोट धरली, बोटीवर देवी आल्या, क्वारंटीन लागलं, सगळं नीट सांगितलं. माणसं हळहळली. वाल्मीक म्हणाला, भटजी सांगतात तर करून टाकू, पुढच्या आठवड्यात मांडव घालू. बयाबाईनं डोळे पुसले. चहा आला. सगळं चांगलं चाललं होतं.

मग बहिरूनं विचारलं, "भाऊ, उंटावर बसला व्हता का?"

आता, माझी ही खोड आहे. माझ्यासमोर चार माणसं कान देऊन बसली की माझ्या जिभेला हाड राहत नाही. मी उंट सांगितला, वाळवंट सांगितलं, छपराखालचा बाजार सांगितला. यंदाच्या दिवाळीला लावलेले सार्डिनच्या डब्यांचे अकरा दिवे सांगितले आणि ती म्हातारी, ती मिठाई. माणसं हसत होती. गोरक्ष माझ्याकडे डोळे वटारून बघत होता ते मला दिसलं, पण उशिरा.

"भाऊ," मैना दारातून म्हणाली. तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो. "दिवाळी कुठं केली म्हनता?"

"दमिश्कला."

"तिथं बोट जाती?"

"नाही. तिथं समुद्र नाही," मी म्हणालो. जीभ चावली, पण बोलून झालं होतं.

मैनानं पाटी खाली ठेवली.

"आमी दिवाळीपातुर थांबलो व्हतो," ती म्हणाली. "सिंहस्थ लागला तवाच समदी म्हनत व्हती, उरकून घ्या. आत्याबाई म्हनल्या, येनारा मानूस दिवाळीला येतो, तेवढी जाऊ द्या. भाऊबीजेपातुर म्या रोज सांजच्याला रस्त्यावर जाऊन उभी राहत व्हते. मंग भटजीला सांगावा धाडला."

गोरक्ष मान खाली घालून म्हणाला, "मला लय भ्याव वाटत व्हतं."

ती त्याच्याकडे बघून बोलली नाही. "बारा वर्सं रागात गेली, पोटासाठी गेली, म्या धरून चालले. पन काम सुटलं, बोट व्हती, आन् त्याम्होरं साडेतीन म्हैने. त्ये कशापायी?"

बयाबाई मध्ये पडली. "आगं, त्याचा काय दोस? ह्या निजामनं नेला त्याला. ह्याला देश बघायचं व्हतं. माझं पोरगं भोळं, गेलं मागं मागं."

सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली. गोरक्षचंही. त्या तोंडावर काय होतं ते मला वाचता येत होतं. घे अंगावर, एवढंच होतं. आणि मी घेणार होतो. अल्ला साक्षी आहे, घेणारच होतो.

मैना म्हणाली, "भाऊ, एक इचारते. तुमी नेलं त्यात काय नाय, दोस्त दोस्ताला नेतो. पन त्ये येकदा जरी म्हनले असते, मला घरी जायचं हाय, तर तुमी आडवलं असतं?"

आता मला म्हणता आलं असतं की मला खोटं बोलवेना. ते खरं नाही. घटकाभरापूर्वी मी देवी, क्वारंटीन, सगळं बिनदिक्कत सांगितलं होतं. खरी गोष्ट अशी, की मला राग आला होता. पोर्ट सैदच्या धक्क्यावर याच्यासाठी मी ताटकळलो, माझी आई, माझी मुलं तिकडं वाट बघत होती, आणि आता भर ओट्यावर मी याला भुलवून नेणारा ठरत होतो. बयाबाईचं "ह्या निजामनं" माझ्या डोक्यात गेलं होतं.

"नसतं अडवलं," मी म्हणालो. "उलट दिवाळीपासून मीच म्हणत होतो, चल. तोच निघत नव्हता."

मैनानं मान हलवली. तिला ते आधीच कळलं असावं. ती बयाबाईला म्हणाली, "आत्याबाई, भटजीला सांगा, बारसं करा त्यांचं, खुशाल जित्ते करा. म्या उभी राह्यची नाय. माझं रडून झालंय."

मग तिनं पाटी उचलली, कारण रोपं सुकत होती, आणि ती वावरात गेली. वाल्मीक तिच्यामागं दोन पावलं गेला आणि परत फिरला. बयाबाई पुन्हा लसूण सोलायला लागली.

मोटारीच्या रस्त्यापर्यंत गोरक्ष माझ्याबरोबर चालत आला. मला वाटलं, आता हा मला मारणार, आणि मी मार खायला तयार होतो.

तो म्हणाला, "त्वा खरं बोललास. पन त्ये रागानं बोललास."

"हो," मी म्हणालो.

"मला ठावं हाय. आठ वर्सं येका खोलीत काढली," तो म्हणाला आणि माझ्याच मोटारीत चढला.

फाल्गुनात रामकुंडावर त्याचं बारसं झालं. नाव गोरक्षच ठेवलं. लग्न झालं नाही. आता सहा वर्षं होत आली. तो माझ्याजवळच राहतो. मी बॉयलर दुरुस्तीचं दुकान टाकलंय, तिथं घण मारतो. माझी मुलं त्याला काका म्हणतात. पिंपळगावला तो पुन्हा गेला नाही. बयाबाई होती तोवर तीच येऊन भेटून जायची.

मी मात्र जातो. तिकडच्या गुऱ्हाळांची कामं असतात, मळ्यावरून रस्ता आहे. मैना आता आख्खा मळा बघते, वाल्मीकसुद्धा तिला विचारून पेरतो. मला बघितलं की ती तांब्याभर पाणी आणून ठेवते. पाणी पिऊन होईपर्यंत थांबते. मग दरवेळी एवढंच विचारते, "जेवत्यात का नीट?"

गोरक्ष एका वेळेला जेवतो, तेही सलिमानं ताट पुढं सरकवलं तर. मी म्हणतो, "जेवतो की, दोन्ही वेळा." हे खोटं मला सहज जमतं.